मागचे डावे चाक

अनंत चतुर्दशी होऊन दोन दिवस झाले असतील. मखर अजून उतरवायचे राहिले होते. चहाचे आधण ठेवून मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला, तोच दाराची घंटा वाजली. दार उघडते तो माझा एक जुना विद्यार्थी उभा. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले आणि सुतळीने बांधलेले एक पुडके. मला वाटले, गावच्या गणपतीचा प्रसाद आणला असेल. म्हणून मी हात पुढे केला. पण पुडके इतके जड होते की माझा हात एकदम खाली गेला.

"जपून, बाई," तो म्हणाला. "लोखंड आहे."

आमच्या चेंबूरला लोखंडाचे कौतुक नाही. एका अंगाला माहुलचे तेलाचे कारखाने, दुसऱ्या अंगाला खताचा कारखाना, आणि मधून चोवीस तास धावणारे टँकर आणि ट्रक. माहुलचे दोन्ही तेलशुद्धीकरण कारखाने १९५४ आणि १९५५ साली सुरू झाले. तेव्हापासून वाशी नाक्यावरच्या मुलांच्या खेळण्यांतही नटबोल्ट असतात. तरीही विसर्जनाच्या तिसऱ्या दिवशी बाईंना भेटायला येताना कोणी लोखंड घेऊन येत नाही. त्याने सुतळी सोडली आणि माझ्या वह्यांवर दोन काळ्या वड्या मांडल्या. एक चांगली जाड, सुबक कापलेल्या बर्फीसारखी. दुसरी झिजून झिजून पार पापड झालेली. खालचा लोखंडी पत्रा उघडा पडून त्यावर चरे उठलेले.

"ब्रेकचे पॅड आहेत, बाई. दोन्ही एकाच चाकाचे. मागच्या डाव्या चाकाचे. मालक म्हणतो, मी निष्काळजीपणे गाडी चालवतो. दर महिन्याला पगारातून दोन हजार कापतोय. तुम्ही एक अर्ज लिहून द्या."

आमच्या भागात माझी खरी ख्याती ही अशी आहे. मी कादंबऱ्या लिहिते हे चार जणांना ठाऊक असेल; पण अर्ज चांगला लिहिते हे चाळीस घरांना ठाऊक आहे. रेशनकार्डाचे, नळाचे, बदलीचे, मुलीच्या प्रवेशाचे असे किती अर्ज लिहिले त्याला गणती नाही. पण ब्रेकचा अर्ज हा पहिलाच. आणि 'निष्काळजी' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकल्याबरोबर माझा मला चटका बसला. का, ते पुढे सांगते.

मुलगा गेल्या वर्षापर्यंत डिझेलचा ट्रक चालवीत असे. मग मालकाने विजेवर चालणारा ट्रक घेतला आणि याचा हात चांगला म्हणून तो याच्याकडे दिला. हल्ली अशा गाड्यांना सरकारचेही उत्तेजन आहे. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने जी पी. एम. ई-ड्राइव्ह योजना सुरू केली तीत विजेच्या ट्रकांसाठी ५०० कोटी रुपये वेगळे काढून ठेवले आहेत. त्या दिवसांत त्याची आई मला भाजी बाजारात भेटली होती. "आवाज नाही, धूर नाही हो बाई! पोरगा गल्लीत आला तरी कळत नाही," असे तिने मोठ्या अभिमानाने सांगितले होते. जिचे उभे आयुष्य टँकरांच्या धुरात गेले, त्या बाईला मुलाच्या अंगाला डिझेलचा वास येत नाही याचे सुख किती, हे चेंबूरबाहेरच्या माणसाला कळायचे नाही.

आता गाडी विकताना मालकाला सांगितले होते की, या गाडीला ब्रेकचा खर्च जवळजवळ नाहीच. आणि इथे तर एका वर्षाच्या आत पॅडचा पापड! मालकाने सरळ हिशेब केला. गाडी चांगली, ब्रेक चांगले. तेव्हा वाईट काय, तर चालवणाऱ्याचा पाय.

मी अर्ज लगेच लिहून दिला नाही. जे मला समजत नाही ते मी अर्जात लिहीत नाही. कादंबरीत क्वचित लिहिते. माझे शास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकाच्या पुढे गेलेले नाही. त्याला चहा दिला आणि म्हटले, "आधी मला हे ब्रेकचे प्रकरण नीट समजावून सांग. मी विद्यार्थी, तू मास्तर."

तो हसला आणि सांगू लागला. साध्या गाडीत ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणारी पोलादी थाळी दोन पॅडांच्या चिमट्यात सापडते. थाळी घासते, तापते, आणि गाडी थांबते. म्हणजे गाडीचा वेग असतो तो सगळा उष्णता होऊन हवेत जातो. किती उष्णता? तो गेल्यावर रात्री मी जुने पुस्तक काढून गणित केले. सोळा टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिला एकदा थांबवताना सुमारे २२ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्यात सात लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. अमर महालच्या सिग्नलपाशी एक ट्रक थांबतो म्हणजे एका घराच्या अंघोळीच्या पाण्याचे आधण वाऱ्यावर जाते! हे कळल्यापासून मला त्या चौकात उभे राहिले की उगीच हळहळ वाटते.

विजेच्या गाडीत ही उधळपट्टी थांबते. पायाखालचा दाब काढला की तीच मोटर उलटे काम करू लागते. चाक तिला फिरवते, ती वीज तयार करते, आणि ती वीज पुन्हा बॅटरीत जाते. मोटरला चाकाने फिरवायचे म्हणजे चाकाला ओढ बसते. त्या ओढीने गाडी हळू होते. वीज सगळी परत मिळत नाही, थोडी वाटेत मुरतेच. पण पॅड मात्र घासत नाहीत.

हे ऐकले आणि मला एकदम माझे आजोबा आठवले. ते कर्जतला रेल्वेत होते. आपल्याकडे विजेची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, ती बोरीबंदरपासून कुर्ल्यापर्यंत. म्हणजे आमच्या चेंबूरच्या उंबरठ्यापर्यंतच. १९२९ साली वीज बोरघाट चढून पुण्याला पोचली. त्या घाटात ३७ फूट चालले की १ फूट चढ लागतो. तिथे मालगाड्या ओढायला लांब नाकाडाची, मधे सांधे असलेली विजेची इंजिने आली. त्यांना रेल्वेची माणसे 'खेकडा' म्हणत. त्यांतले एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात अजून आहे. आजोबा सांगत, "खेकडा घाट चढताना वीज खातो आणि उतरताना ओकतो. उतरत्या गाडीची वीज चढणारी गाडी वापरते." लहानपणी मला ती आजोबांची थाप वाटे. आता ध्यानात आले की चेंबूरच्या ट्रकात जे नवल म्हणून आले आहे, ते आमच्या आजोबांच्या घाटात शंभर वर्षांपूर्वीचे आहे.

पण आजोबा आणखी एक गोष्ट सांगत. इंजिन कितीही वीज ओको, घाट उतरणाऱ्या गाडीला वाटेत थांबून साध्या, घासणाऱ्या ब्रेकची परीक्षा द्यावीच लागे. "जो ब्रेक रोज लागत नाही, त्याच्यावर रोज नजर ठेवावी," असे ते म्हणत. तेव्हा हे वाक्य मी ऐकून सोडून दिले होते.

रविवारी मी त्या मुलाबरोबर माहुल रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेले. मिस्त्री मूळचे मालवणकडचे, साठीच्या पुढचे. गॅरेजात पदर खोचून आलेली मास्तरीण त्यांनी प्रथमच पाहिली असावी. त्यांनी एक खोका पुसून मला बसायला दिला आणि सुटे केलेले चाक दाखवले.

"बाई, हा चिमटा बघा. याला कॅलिपर म्हणतात. हवेचा जोर एकाच अंगाने येतो, आतल्या अंगाने. आतला पॅड थाळीवर दाबला की हा सगळा चिमटा या दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. मग दोन्ही अंगांनी सारखी पकड. आता पिन हलवा बघू."

मी हलवून पाहिली. हलेना. गंजून धरली होती.

"बस! हेच झालं. पिन जाम. चिमटा सरकत नाही. बाहेरचा पॅड नुसता बघ्या. सगळा भार आतल्या एकट्यावर. आणि पाय काढला तरी तो धड मागे येत नाही, थाळीला चिकटून घासतच राहतो. ब्रेक न दाबताही झीज चालूच."

"पण पिन जाम का झाली?" मी विचारले.

मिस्त्री हसले. "कामच नाही तिला! डिझेलच्या गाडीत दिवसातून शे-दोनशे वेळा ब्रेक लागतो. पिन सरकत राहते, थाळी घासून लखलखीत राहते. या गाडीत निम्म्याहून जास्त काम मोटर करते, आणि मोटर असते मागच्या चाकांना. म्हणून मागचे ब्रेक जास्तच रिकामे. त्यात आपली खाडीची हवा. त्यात पावसाळा."

मुलाने भर घातली. जून-जुलैत काम कमी होते म्हणून गाडी पाच आठवडे खाडीकाठच्या अंगणात उभी होती. डावी बाजू पावसाच्या माऱ्याकडे आणि चाकाखाली डबके. आणखी एक गोष्ट निघाली. रात्री गाडी चार्जिंगला लावतात ती सकाळी काठोकाठ भरलेली असते. भरल्या घागरीत पाणी ओतणार कुठे? तसेच भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज जाणार कुठे? म्हणून सकाळचे पहिले काही किलोमीटर मोटरचा ब्रेक लागतच नाही. सगळा भार पॅडांवर. रस्ता निसरडा होऊन चाक घसरू लागले तरी तीच गत. बॅटरीच्या वजनाने गाडी मुळातच जड. म्हणजे एरवी निवांत बसलेल्या पॅडांवर काम पडते तेव्हा एकदम मोठे पडते. आणि त्या वेळी ज्याची पिन जाम, तो एकटाच मरतो.

मी ते दोन पॅड पुन्हा हातात घेतले. एक बर्फी, एक पापड. आणि मला अर्जाचे पहिले वाक्य सुचले. खरे म्हणजे ते त्या पॅडांवरच लिहिलेले होते. ड्रायव्हरला पाय एकच. तो दाबला की हवा डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना सारखीच जाते. पाय निष्काळजी असता तर चारी बाजूंचे पॅड सारखे झिजले असते. एकाच चाकाच्या दोन पॅडांत एक नवा आणि एक संपलेला, हे काम कोणत्याही पायाला करता येणार नाही, कितीही निष्काळजी असो. जी झीज त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली जात होती, तीच त्याची साक्षीदार होती. झीज किती, एवढेच मालकाने पाहिले. झीज कशी, हे पाहिले नाही.

आता तो चटका कशाचा, ते सांगते. हा मुलगा माझ्या वर्गात पाचवीला होता. त्याच्या वह्या मी विसरलेली नाही. प्रत्येक ओळ पुसटलेली, फासटलेली. पानभर शाईचे डाग. मी दर आठवड्याला खाली लाल शाईने एकच शब्द लिहीत असे: 'निष्काळजी'. त्याने कधी उलटून एक शब्द काढला नाही. वर्ष संपत आले तेव्हा एकदा मी त्याच्या बाकामागे उभी राहिले आणि तेव्हा मला दिसले की मुलगा डावखुरा आहे. डाव्या हाताने डावीकडून उजवीकडे लिहायचे, म्हणजे जे लिहिले त्याच्यावरूनच हात पुढे जाणार. ओली शाई फासटणारच. डाग पानभर होते, पण सगळे एकाच दिशेने ओढलेले होते. मी जर पहिल्याच आठवड्यात डाग किती हे न बघता डाग कसे हे पाहिले असते, तर पस्तीस वेळा तो शब्द लिहिला नसता. मी त्याला शिसपेन्सिल दिली. वही स्वच्छ झाली. पण मागची पाने पुसली नाहीत, आणि मी त्याची क्षमाही मागितली नाही. आपल्याकडे मास्तरांनी क्षमा मागायची चाल नाही.

अर्ज दीड पानाचा झाला. त्यात मी रागाचा एकही शब्द घातला नाही. चार मुद्दे मांडले, मिस्त्रींची सही घेतली, आणि शेवटी मालकाच्या फायद्याच्या दोन गोष्टी लिहिल्या. अर्जात समोरच्याच्या फायद्याचे एक तरी वाक्य असावे, हा माझा अनुभवाचा बोल आहे. गाडी रात्री काठोकाठ न भरता थोडी रिकामी ठेवावी. म्हणजे सकाळीही वीज परत घ्यायला जागा राहील. आणि गाडी उभी असो वा चालती, ठरावीक मुदतीने चाके उघडून पिना साफ कराव्यात, ग्रीस भरावे. शिवाय रोज एकदा मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मुद्दाम चांगला दाबावा, म्हणजे थाळीवरचा गंज निघून जाईल. मालक काही राक्षस नव्हता. त्याने तिसरा हप्ता कापला नाही. आधीच्या दोनांपैकी एक परत दिला. दुसरा दिवाळीला देतो म्हणाला आहे. पाहू.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला बसले नसते. पण त्या रविवारी गॅरेजातून परत येताना बसमध्ये माझ्या मनात मिस्त्रींचे ते शब्द घोळत राहिले: "बाहेरचा पॅड नुसता बघ्या."

माझी आई डोंबिवलीला माझ्या भावाकडे असते. चार वर्षांपूर्वी ती पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. आम्ही तिघे भावंडे. भाऊ सकाळी सातच्या गाडीने जातो तो रात्री नऊला येतो. बहीण नाशिकला. मी चेंबूरला, म्हणजे तासा-दीड तासाच्या वाटेवर. आम्ही तिघेही आईची काळजी वाहतो, म्हणजे फोन करतो. फळे नेतो, औषधाचे पैसे वाटून घेतो. आणि तिला कुशीवर वळवणे, न्हाऊ घालणे, रात्री दोनदा उठणे हे सारे वहिनी करतात. सुरुवातीला आम्ही पाळीपाळीने जात होतो. मग वहिनींना सगळे छान जमते असे आम्हीच ठरवले. आमच्यावाचून चालते आहे असे दिसले, आणि आमच्या पिना हळूहळू धरल्या. कोणी ठरवून धरल्या नाहीत. नुसते काम पडले नाही, एवढेच.

श्रावणात मी तिकडे गेले होते तेव्हा वहिनी माझ्यावर एकदम ओरडल्या. निमित्त क्षुल्लक होते. मी आईचा पेला भलत्याच जागी ठेवला होता. घरी येऊन मी यांना म्हटले, "वहिनी हल्ली फार चिडचिड्या झाल्यात." मी, जिने पानभर डाग पाहून पस्तीस वेळा 'निष्काळजी' लिहिले, तिने छत्तिसाव्या वेळीही झीज किती हेच पाहिले होते.

पितृपक्षातल्या पहिल्या शनिवारी मी डोंबिवलीला राहायला गेले. वहिनींना म्हटले, "आज रात्री तुम्ही आतल्या खोलीत झोपा. आईजवळ मी आहे." त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. रात्री आईला कुशीवर वळवताना मला ते धड जमेना. आईच म्हणाली, "अगं, अशी नव्हे. सुमारे खांद्याखाली हात घाल." पहाटे माझी पाठ मोडून आली. धरलेली पिन पहिल्यांदा हलते तेव्हा करकरतेच. सकाळी वहिनी आठ वाजेपर्यंत झोपल्या होत्या. उठून बाहेर आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षांनी सलग झोपले हो, वन्सं."

आता दर दुसऱ्या शनिवारी मी जाते. नाशिकच्या बहिणीलाही लिहिले आहे. मुद्दे मांडून, रागाचा शब्द न घालता. या दिवाळीत भाऊबीजेला वहिनी आपल्या माहेरी सांगलीला जाणार आहेत, चांगल्या आठ दिवसांसाठी. माझा फराळ यंदा डोंबिवलीलाच होईल. चकल्या बिघडल्या तर आईची सूचना अंथरुणावरून येईलच.

दसऱ्याच्या संध्याकाळी पुन्हा घंटा वाजली. दारात तोच मुलगा. खाली रस्त्यावर त्याची गाडी उभी होती. पुढे झेंडूचे तोरण, आणि मागच्या डाव्या चाकालाही, मुद्दाम, एक छोटी माळ. या वेळी हातात जड काही नव्हते. आपट्याची चार पाने होती. मला द्यायला म्हणून त्याने डावा हात पुढे केला, आणि एकदम चपापून पाने उजव्या हातात घेऊ लागला.

"राहू दे रे," मी म्हटले, "डाव्यानेच दे."

आणि मी दोन्ही हातांनी ते सोने घेतले.